सायकलीवर कोकणात निघताना सामान कशात न्यावं?

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस ओसरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत सायकलवाल्यांच्या गप्पांना एकच विषय पुरतो, यंदा हिवाळ्यात कुठे जायचं? कोणी कसारा घाट चढून नाशिक म्हणतं, कोणी मुरबाडवरून माळशेज. कोकण तर बहुतेकांच्या मनात असतंच. उरणच्या पुढे करंजा गाठायचं, लाँचमध्ये सायकल चढवायची, रेवसला उतरायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली खाली जात राहायचं. रस्ता ठरतो, सोबती ठरतात, रजाही मिळते. मग प्रश्न येतो, सामान कशात न्यायचं? बहुतेक जण आधी बॅग विकत घेऊन मोकळे होतात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी सायकल नीट पाहा, बॅग कुठे आणि कशावर बसणार ते ठरवा, आणि मगच दुकानात बॅगेला हात लावा.

ट्रेकची सॅक घरात असतेच, तीच पाठीला लावून निघू, असं पुष्कळांना वाटतं. ठाण्याजवळच्या येऊरला जाऊन यायचं असेल तर चालेल. पण दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर, तेही किनाऱ्याच्या दमट हवेत, म्हणजे दुपारपर्यंत खांदे भरून येतात, पाठ घामाने निथळते आणि सॅकचं सगळं वजन बैठकीवर आणि मनगटांवर उतरतं. ते वजन उंचावर असल्यामुळे उतारावरच्या वळणात तोलही सांभाळावा लागतो. मुक्कामाच्या प्रवासात पाठ मोकळीच हवी.

सायकलीवर ओझं कसं लादावं हे आपल्याकडच्या दूधवाल्यांनी केव्हाच दाखवून दिलंय. कॅन कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, खाली, दोन्हीकडे सारख्या भाराने लटकवलेले असतात. पॅनिअर नावाच्या बॅगांची जोडी नेमकी याच पद्धतीने बसते, आणि ठाण्याहून कोकणात जाणाऱ्याला मी तीच सुचवेन.

आता कॅरिअर. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला दोन्ही बाजूंनी आटे पाडलेली छोटी भोकं आहेत का ते पाहा. सीटच्या खाली, फ्रेमच्या वरच्या अंगालाही दोन असतात. बऱ्याच हायब्रिड आणि एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या माउंटन बाइक, सायकलींना ती मिळतात. असतील, तर चार ठिकाणी बोल्टने पक्कं बसणारंच कॅरिअर घ्या. चांगल्या कॅरिअरवर किती भार चालेल तो आकडा छापलेला असतो, २५ किलो हा नेहमी दिसणारा आकडा. नुसतं सीटच्या दांड्याला क्लॅम्पने आवळायचं कॅरिअर दुकानदार पुढे करतात, कारण ते कुठल्याही सायकलीला बसतं. पण त्याची पकड एकाच जागी असते. घोडबंदर रोडसारख्या खड्ड्यांतून गेलं, की ते हळूहळू एका बाजूला फिरतं, आणि बॅग चाकाला घासू लागते. पॅनिअरसाठी ते घेऊच नका. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकला अडणार नाही असं कॅरिअर मागून घ्या. बोल्ट बहुधा ५ मिलीमीटरचे असतात, त्यांना ४ नंबरची ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागते. ती आणि दोन जादा बोल्ट हत्यारांच्या पाकिटात असू द्या. खडखडाटाने बोल्ट सैल होतात, आणि आडरस्त्याला नेमक्या मापाचा बोल्ट मिळेलच असं नाही.

रोड बाइकला, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलीला, ही भोकं बऱ्याचदा नसतात. मग सीटमागे लांबट सॅडल बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात एक आणि हँडलला एक गुंडाळी, असा मार्ग उरतो. दोन-तीन दिवसांना तो छान आहे. मात्र सॅडल बॅग सैल भरली तर उभं राहून पेडल मारताना डावी-उजवी झुलते, म्हणून ती गच्च आवळायची.

बॅग घ्यायला जाताना आपली सायकल आणि चालवताना घालायचे बूट घेऊन जा. बॅग कॅरिअरवर अडकवा, सीटवर बसा, आणि पेडल उलटं फिरवत पाऊल मागे न्या. टाच बॅगेला लागते का? मागचं चाक पेडलच्या फार जवळ असलेल्या सायकलींत ती हमखास लागते. बॅगेचे हूक मागे सरकवता येत असतील तर प्रश्न सुटतो, नाहीतर खालचा कोपरा तिरका कापलेली बॅग पाहा. दुकानात पाच मिनिटं घालवायला संकोच करू नका, कारण टाच लागत असेल तर ती दिवसभर, प्रत्येक फेऱ्याला लागणार.

हुकांकडे बारकाईने बघा. कॅरिअरची नळी कमी-जास्त जाडीची असते, आणि चांगल्या बॅगेबरोबर हुकात बसवायचे प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात, त्यामुळे हूक नळीवर घट्ट बसतो. वरची पट्टी ओढली की हूक सुटतो आणि सोडली की धरतो, अशी रचना सर्वांत उत्तम. करंज्याच्या लाँचला याची किंमत कळते. तिथे सायकल उचलून आत द्यावी लागते, आणि भरलेल्या बॅगांसकट ती उचलणं एकट्याचं काम नाही. बॅगा दोन हातांत सुट्या घेता आल्या पाहिजेत. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड इथे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, तिथे सायकल सामानासकट ढकलत नेता येते.

पाणी आत शिरू नये म्हणून मी तोंड गुंडाळून बंद होणारी, कोटिंगच्या कापडाची बॅग पसंत करते. आतली हवा दाबून काढा, तोंडाच्या दोन्ही कडा जुळवा, निदान तीन घड्या घाला आणि बकल लावा. दोनच घड्या बसत असतील तर बॅग जास्त भरली आहे. पाऊस नसला, तरी तांबडी धूळ बॅगेच्या झिपमधून आत शिरतेच. साधी बॅग असेल तर आत मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात कपडे भरा. वरून घालायचं रेनकव्हर वाऱ्याने निघून जातं, त्याच्या भरवशावर राहू नका.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. परदेशी प्रवाशांच्या फोटोंत पुढे दोन, मागे दोन, वर तंबू, असा थाट दिसतो. त्यांना निर्मनुष्य मुलखात स्वतःचं जेवण रांधायचं असतं. आपल्या किनाऱ्यावर गावागणिक घरगुती राहण्याची सोय आणि खानावळ सापडते, तर तंबू-स्टोव्ह कशाला? मागची दोन्ही मिळून ४० लिटरची जोडी एका आठवड्याला भरपूर होते. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. वर ८ किलो सामान म्हणजे चढावर साधारण दहावा हिस्सा जास्त जोर. आणि हा किनारा सपाट मुळीच नाही, खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे पठारावर, चढायचं, असं दिवसभर चालतं. थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली उंच चाकाच्या सायकलीवरून जगप्रवासाला निघाला, तेव्हा हँडलच्या पिशवीत मोजे, एक जादा शर्ट, एक पिस्तूल आणि एक रेनकोट एवढंच होतं. तोच रेनकोट रात्री तंबू आणि अंथरूण व्हायचा. पिस्तूल सोडा, पण एका वस्तूचे दोन उपयोग बघण्याची ती दृष्टी आपणही घ्यावी. संध्याकाळची शाल पांघरूणही होते, पंचा टॉवेल होतो आणि उन्हात मानेवरही येतो.

भरताना हत्यारं, ट्यूब, चार्जर असं जड सामान तळाशी. दोन्ही बॅगा हातात उचलून तोलून पाहा, फरक जाणवला तर वस्तू इकडच्या तिकडे करा. पैसे, फोन, ओआरएसची पाकिटं हँडलच्या छोट्या बॅगेत, आणि चहाला थांबलात की ती खांद्याला. कॅरिअरच्या माथ्यावर काही बांधायचं असेल तर हुकांच्या इलॅस्टिक दोरीऐवजी बकलची पट्टी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी वापरा. सुटलेला हूक स्पोकमध्ये अडकला तर चाक जागच्या जागी थांबतं. मागच्या चाकाचे चेनकडचे स्पोक सर्वांत जास्त ताणाखाली असतात, भार वाढल्यावर तुटले तर बहुधा तेच आधी तुटतात. म्हणून निघण्याआधी मिस्त्रीकडून चाक आउट, म्हणजे वाकडं, नाही ना आणि स्पोक सारखे ताणलेले आहेत ना, हे बघून घ्या.

निघण्याच्या आदल्या रविवारी संपूर्ण सामान लादून, ठाण्यात असाल तर उपवनहून येऊर आणि नवी मुंबईत असाल तर पारसिक हिल, चढून-उतरून या. मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा. उतारावर हँडल थरथरतंय का, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतंय का, हे लक्षात घ्या, आणि घरी आल्यावर कॅरिअरचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

नमस्कार.