बेस क्लासला हात लावण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! गेल्या काही व्हिडिओंखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "टीममधल्या सगळ्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग येतं, तरी प्रोजेक्ट रखडतो. असं का होतं?"

क्लास, ऑब्जेक्ट, एन्कॅप्सुलेशन, पॉलिमॉर्फिझम हे तुम्हाला येतं असं धरतो आणि पुढे जातो. क्लास आणि सबक्लास तर नॉर्वेतल्या सिम्युला 67 या प्रोग्रॅमिंग भाषेपासून आहेत. गाडी अडते ती इनहेरिटन्सपाशी, म्हणजे एक क्लास (चाइल्ड) दुसऱ्या क्लासच्या (बेस) मेथड वारशात घेतो तिथे, आणि आज मी त्यावरच बोलणार आहे.

माझ्या एका प्रोजेक्टमधली गोष्ट. बेस क्लासमध्ये दोन मेथड होत्या: एक नोंद सेव्ह करणारी आणि सगळ्या नोंदी एकदम सेव्ह करणारी. आमच्या चाइल्ड क्लासने दोन्ही ओव्हरराइड केल्या होत्या, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिल्या होत्या, कारण प्रत्येक नोंदीची ऑडिट लॉगमध्ये (काय काय झालं याच्या नोंदवहीत) एक ओळ पडायला हवी होती. एका सहकाऱ्याने बेस क्लासमधलं डुप्लिकेट कोड काढलं. "सगळ्या सेव्ह करा" आता आतून "एक सेव्ह करा"लाच बोलवू लागलं. बदल स्वच्छ होता आणि रिव्ह्यूत पासही झाला. पण दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये प्रत्येक नोंद दोनदा! एकदा चाइल्डच्या "सगळ्या सेव्ह करा"तून, आणि पुन्हा बेसने आतून बोलवलेल्या चाइल्डच्याच "एक सेव्ह करा"तून. आम्ही दोन दिवस चाइल्ड क्लास उकरत बसलो, आणि त्या फाइलला तर कुणी हातही लावला नव्हता. तो सहकारी खूप खचला होता. त्याची चूक नव्हती हो! बेस क्लास आतून कसा चालतो यावर चाइल्ड क्लास अवलंबून होता, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हेच आता जावा या भाषेत बघा. तिथला स्टॅक हा व्हेक्टर नावाच्या यादीच्या क्लासपासून इनहेरिट केलेला आहे. स्टॅक म्हणजे चळत. वर ठेवायचं, वरूनच काढायचं. पण व्हेक्टरच्या सगळ्या मेथड वारशात आल्यामुळे चळतीच्या मधोमध काहीही खुपसता येतं. आता ते काढताही येत नाही, कारण जुना कोड त्यावर उभा आहे. जावाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की त्याऐवजी डेक (Deque, दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी रांग) वापरा. स्टॅकच्या आत व्हेक्टर ठेवला असता, म्हणजे कंपोझिशन केलं असतं, तर हे झालंच नसतं.

आणि प्लॅनिंगमध्येही तेच. पहिल्याच प्रोजेक्टच्या एस्टिमेटमध्ये "रीयूज होईल" म्हणून दिवस कापतात, याचा मला खरंच राग येतो. एकदाही न वापरलेला कोड रीयूजेबल आहे हे ठरवणार कसं? दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी वापरताना तो घासूनपुसून तसा होतो, आणि त्याला वेळ लागतो. बेस क्लासमधला बदल "एका फाइलचं काम" म्हणून धरू नका. त्याखाली बारा क्लास असतील तर त्या बाराही क्लासच्या टेस्ट चालवण्याचा वेळ धरा. आणि त्या क्लासची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका.

एका ताईंनी विचारलंय, "म्हणजे इनहेरिटन्स वापरूच नये का?" वापरा ना! फक्त "हा त्याचाच एक प्रकार आहे ना?" एवढ्यावर थांबू नका. चौरस हा आयतच आहे, गणितात. पण कोडमध्ये आयताची रुंदी बदलली की उंची तशीच राहील असं कॉल करणारा धरून चालतो, आणि चौरस तिथे दगा देतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये हाच मुद्दा मांडला: बेसच्या जागी चाइल्ड ठेवला तरी वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमचं वागणं बदलायला नको.

यूएमएलच्या, म्हणजे क्लासची रचना चित्रात दाखवणाऱ्या आकृत्या किती काढाव्यात, असंही बरेच जण विचारतात. ज्यावर टीममध्ये वाद आहे तेवढ्याच काढा.

तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात खोल क्लासचं झाड उघडा, किती पातळ्या आहेत ते मोजा आणि कमेंटमध्ये लिहा. कंपनीचा कोड टाकू नका, क्लासची नावंही बदलून टाका. त्यातलं एक झाड घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण ते कंपोझिशनमध्ये बदलू.