बोनेटखालचं दुसरं इंजिन

[दृश्य : अंबड औद्योगिक वसाहत, आतला रस्ता. पत्र्याच्या शेडसमोर रंग उडालेली जिप्सी.]

सकाळचे साडेसात. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं विकणाऱ्याला काल रात्रीच सांगून ठेवलं होतं. तरीही मिस्त्री आल्याआल्या चावी मागत नाहीत. आधी हात लावून बघतात. बोनेट गार. एक्झॉस्ट मॅनिफोल्डही गार. आता बघण्यात अर्थ आहे.

कारण जुनं इंजिन आपली दुखणी थंड असतानाच सांगतं. व्हॉल्व्हची सील गेली असतील तर रात्रभरात झिरपलेलं ऑइल पहिल्या स्टार्टला निळा धूर होऊन निघतं आणि थोड्याच वेळात धूर थांबतो. झिजलेल्या पिस्टनची खडखड तापल्यावर कमी होते. दहा मिनिटं आधी गाडी चालू करून ठेवली, की यातलं काहीच हाती लागत नाही.

गाडी घ्यायला आलेला मुलगा सातपूरला एका कंपनीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी उभी करता येईल अशी गाडी त्याला हवी आहे, आणि खिशात पैसे बेताचेच आहेत. विकणारा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतोय, "इंजिन बदललेलं आहे, आता बघायलाच नको."

बघायचं ते तिथंच आहे.

[दृश्य : टॉर्चच्या उजेडात इंजिनच्या ब्लॉकची कड. वायर ब्रशने मळ निघतो, कोरलेली अक्षरं दिसू लागतात.]

मारुतीने १९८५ साली जिप्सी आणली ती ९७० सीसीच्या इंजिनासह. आरसीवर त्याच इंजिनाचा नंबर आहे, सुरुवात एफ१०ए. ब्लॉकवर मात्र जी१३ पासून सुरू होणारा नंबर निघतो. म्हणजे हे १२९८ सीसीचं इंजिन, मारुतीच्याच एस्टीम कारमधून उतरवलेलं. ही अदलाबदल जिप्सीवाल्यांमध्ये जुनी आणि आवडीची आहे. ताकद वाढते, आणि सुट्या भागांसाठी फार वणवण करावी लागत नाही.

नंबर घासलेला नाही, ठोकून बदललेला नाही, ही चांगली खूण. पण आरसीवर नोंद नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केला की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते. इंजिनची जात आणि सीसीच बदलत असेल तर परवानगी आधी घ्यायची. ती नसेल तर उद्या पेठ रोडच्या आरटीओत फिटनेसला गाडी उभी केली की हाच नंबर आडवा येणार. इंजिन कुठून आलं याचं बिल मागा, हे आम्ही प्रत्येकाला सांगू. बिलाशिवाय ते चोरीचं नाही हे तुम्ही कसं दाखवणार?

आता स्टार्टर. गाडी लगेच सुरू होते, निळा धूर नाही. पण आयडलला, म्हणजे उभ्या जागी नुसती चालू असताना, थरथरते, आवाज तुटक येतो. विकणारा म्हणतो, "कार्बोरेटर सेट केला की झालं." मिस्त्री काही बोलत नाहीत. इंजिन थोडं तापू देतात, बंद करतात आणि चारही प्लग काढतात.

[दृश्य : कॉम्प्रेशन गेजचा काटा.]

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, बघताना चारही प्लग बाहेर हवेत, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हा पेडल दाबायचा भाग बरेच जण विसरतात, मग हवा आत जात नाही आणि चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं. सुझुकीच्या या इंजिनात चांगला आकडा चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास, १२ ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरांमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हवा तेवढी विरळ. त्यामुळे इथे सहा-सात टक्के कमी आलं तर घाबरायचं नाही.

पहिला सिलिंडर, साडेबारा. दुसरा, साडेसात. तिसरा, साडेसात. चौथा, साडेबारा.

मुलाचा चेहरा उतरतो. मिस्त्रींचा नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडतात आणि पुन्हा गेज लावतात. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चढला असता. काटा जवळजवळ तिथंच. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर सारखेच खाली, ऑइलने फरक नाही, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलेलं नाही. "बाळा, बोअर चांगला आहे," मिस्त्री म्हणतात, "दोघांच्या मधे गॅसकेट उडालंय."

पण ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं हे पॅकिंग, म्हणजे गॅसकेट, उगाच उडत नाही. याचं उत्तर पुढे रेडिएटरपाशी मिळतं. फिटिंग करताना पंख्याभोवतीचं आवरण काढून टाकलंय, परत बसवलेलं नाही. रेडिएटरच्या खालच्या नळ्या चोंदल्यात. द्वारका चौकातल्या गर्दीत गाडी हळू चालते तेव्हा पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. इंजिन तापलं आणि कमकुवत जागी गॅसकेटने हार मानली.

म्हणूनच आमचं म्हणणं आहे की बदललेल्या इंजिनात, इंजिनाइतकंच ते बसवणाऱ्याचं काम तपासा. बोअर, रिंगा, बेअरिंग यांचा खर्च एकदा होतो. चुकीचं फिटिंग दर महिन्याला पैसे मागतं.

[दृश्य : गाडी स्टँडवर. मिस्त्री खाली.]

एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. जिप्सीचा पुढचा ॲक्सल इंजिनाच्या खालून जातो, त्यामुळे सम्प, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, जिप्सीचाच लागतो आणि ऑइल ओढणारा स्ट्रेनरही त्याच सम्पचा. काही जण एस्टीमचा सम्प कापून वेल्डिंग करतात. मग चढावर स्ट्रेनर उघडा पडतो, ऑइलचं प्रेशर पडतं आणि क्रँकची बेअरिंग जातात. इथे सम्प अख्खा आहे, वेल्डिंग नाही. माउंटिंगचे ब्रॅकेट घरगुती, पण लेथवर नीट केलेले, रबर शाबूत. मिस्त्री खालूनच म्हणतात, "हात चांगला होता. घाई नडली."

नाशिकमध्ये हे काम अवघड नाही. महिंद्रा आणि बॉश यांच्या कारखान्यांभोवती सातपूर-अंबडला लहान लहान वर्कशॉप उभी राहिली. हेडचं फेसिंग, म्हणजे गॅसकेट बसतं ती बाजू सपाट करणं, इथेच होईल. त्यानंतर कसारा घाटात न्यायची. उतरताना ॲक्सिलरेटर सोडायचा, खाली पुन्हा दाबायचा आणि मागे निळा धूर येतो का हे आरशात बघायचं. मग चढावर तापमानाचा काटा. त्याआधी गाडीचं पूर्ण मोल ठरत नाही.

मुलगा भाव सांगतो. गॅसकेट, फेसिंग, रेडिएटर आणि पंख्याचं आवरण वजा करून. विकणारा थोडा कुरकुरतो, मग कबूल होतो. राहिलं इंजिनाचं बिल. ते घरी असेल, शोधतो, असं तो म्हणतो.

"सापडलं की फोन करा," मिस्त्री शेवटचा प्लग घट्ट करत म्हणतात. "तोवर इसार नाही."