लॉर्डकी सोडून पंतप्रधान झालेला माणूस

मंडळी, स्पेलिंग ‘होम’ असलं तरी आडनावाचा उच्चार ह्यूम, त्यामुळे मी ह्यूमच म्हणणार. ॲलेक डग्लस-ह्यूम, १९६३-६४ मधे जेमतेम वर्षभर ब्रिटनचा पंतप्रधान. चर्चिल, थॅचर आपल्याला तोंडपाठ, हा कुणाच्या लक्षात नाही, आणि खरं सांगायचं तर पंतप्रधान म्हणून लक्षात ठेवण्यासारखं त्याने फार काही केलंही नाही. मला इंटरेस्ट आहे तो त्या खुर्चीत बसला कसा यात.

जन्म १९०३ चा, स्कॉटलंडच्या सीमेवरचं जमीनदार घराणं, ईटन, ऑक्सफर्ड, सगळं आधीच ठरल्यासारखं. क्रिकेट मात्र खरंच खेळायचा बरं का, दहा फर्स्ट क्लास मॅचेस, आणि ब्रिटनच्या पंतप्रधानांमधे असा हा एकटाच. वडील अर्ल (वडिलांकडून मुलाकडे जाणारी उमरावकीची पदवी) झाल्यावर याला ‘लॉर्ड डनग्लास’ म्हणायला लागले, पण ती पदवी नुसती मानाची, त्यामुळे १९३१ ला तो कॉमन्समधे, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, निवडून येऊ शकला. पुढे पंतप्रधान चेंबरलेनचा संसदीय सेक्रेटरी, १९३८ ला हिटलरशी समझोता करायला त्याच्याबरोबर म्युनिकला पण गेला. ते शेपूट आयुष्यभर मागे राहिलं. १९४० मधे मणक्याचा टीबी निघाला, ऑपरेशन झालं आणि दोन वर्षं प्लॅस्टरमधे आडवा, बाहेर महायुद्ध पेटलंय आणि हा टोरी, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, जमीनदार पलंगावर पडून मार्क्स वाचतोय!

१९५१ मधे वडील गेले, हा चौदावा अर्ल झाला आणि खासदारकी आपोआप गेली. तेव्हा कायदाच तसा होता, लोकांनी निवडून दिलेलं असो नाहीतर नसो, वडिलांची पदवी अंगावर आली की कॉमन्सचं दार बंद, नको म्हणायची सोयच नाही. ह्यूमने कुरकुर केली नाही, लॉर्ड्समधे, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, बसून वर चढत राहिला आणि १९६० ला फॉरेन सेक्रेटरी झाला. म्हणजे डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा लंडनमधे परराष्ट्र खातं याच्याकडे होतं, आणि भारताची ती कारवाई त्याला अजिबात रुचली नव्हती.

या कायद्याविरुद्ध भांडला तो दुसराच माणूस, लेबर पक्षाचा टोनी बेन. त्याचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते ३१ भारतमंत्री होते, मिठाचा सत्याग्रह आणि पहिली गोलमेज परिषद त्यांच्याच काळातली. १९६० मधे ते वारले, टोनी आपोआप व्हायकाउंट (हीपण उमरावकीची पदवी) झाला, सीट गेली. पठ्ठ्या पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला, तर कोर्टाने सीट हरलेल्या उमेदवाराला दिली! एवढा तमाशा झाल्यावर शेवटी ३१ जुलै १९६३ ला कायदा बदलला, आता पदवी सोडता येणार होती, आणि बेनने ती त्याच दिवशी सोडली.

आता गंमत बघा. मूळ बिलात हा कायदा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपासून लागू व्हायचा होता, लॉर्ड्सने दुरुस्ती करून तो लगेच लागू केला. आणि ऑक्टोबरमधे पंतप्रधान मॅकमिलन प्रोस्टेटच्या दुखण्याने हॉस्पिटलमधे, राजीनामा देणार असं पत्राने कळवलं, पक्षाचं अधिवेशन ब्लॅकपूलला चालू, आणि ते पत्र वाचून दाखवायची पाळी कुणावर, तर ह्यूमवर. सगळ्यांना वाटत होतं ज्येष्ठ मंत्री रॅब बटलर येणार. पण तेव्हा टोरी पक्षात नेता निवडायला मतदान नव्हतंच, आतल्या आत कानोसा घ्यायचा आणि राणीला नाव सुचवायचं. नाव निघालं ह्यूमचं. इयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल यांनी त्याच्या मंत्रिमंडळात बसायला साफ नकार दिला. १९ तारखेला पंतप्रधान, २३ ला अर्लपद सोडलं, नोव्हेंबरात किनरॉसची पोटनिवडणूक जिंकली. मधले दोन आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान कुठल्याच सभागृहाचा सभासद नव्हता!

लेबरचा नेता हॅरल्ड विल्सन ‘चौदावे अर्ल’ म्हणून टोमणे मारायचा. ह्यूमचं उत्तर मला फार आवडतं, म्हणाला, मिस्टर विल्सनही चौदावे मिस्टर विल्सन असतीलच की. पण त्याआधीच एका मुलाखतीत तो बोलून बसला होता की अर्थशास्त्राची कागदपत्रं समजून घ्यायला मला काडेपेटीतल्या काड्या मांडाव्या लागतात, आणि विरोधकांनी त्या काड्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. १९६४ च्या निवडणुकीत लेबरला ३१७ जागा, टोरींना ३०४. एवढं सगळं असूनही इतक्या थोडक्यात हरला, हे माझ्या मते त्याच्या खात्यात जमा धरायला हवं.

पुढे नेता मतदानाने निवडायची पद्धत त्यानेच आणली आणि १९६५ ला बाजूला झाला. १९७० ला पंतप्रधान हीथच्या हाताखाली परत फॉरेन सेक्रेटरी, माजी पंतप्रधान असून. १९७४ मधे परत लॉर्ड्समधे, पण या वेळी तहहयात पदवी घेऊन. जुनी अर्लकी काही बुडाली नव्हती, कारण कायद्याप्रमाणे पदवी सोडता येते ती फक्त स्वतःपुरती, त्यामुळे १९९५ ला तो वारल्यावर मुलगा डेव्हिड पंधरावा अर्ल झाला.