साखरेत २२, तरी आंबट नाही

सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. चादरीचं लाल सूत रंगाच्या टाकीतून निघालंय, अजून निथळतंय. कारागीर मगात ॲसिटिक ॲसिड घेतो. वास तोच, चायनीजच्या गाडीवरच्या व्हिनेगरचा. त्यात पीएच पेपर, म्हणजे आंबटपणा रंगावरून सांगणारी कागदाची पट्टी, बुडवला की पट्टी तांबडी. शेजारी चहासाठी साखर विरघळवलेलं पाणी आहे. त्यात बुडवली, तर साध्या पाण्यापेक्षा वेगळं काहीच नाही.

साखरेच्या रेणूत हायड्रोजन २२, ॲसिटिकमध्ये अवघे ४. तरी आंबट कोण? ॲसिटिक!

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं, आंबटपणा ऑक्सिजनमुळे. 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थच मुळी आम्ल निर्माण करणारा. हायड्रोक्लोरिक ॲसिडात ऑक्सिजन नाहीच, हे पुढे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने दाखवलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

आंबटपणा येतो तो हायड्रोजन सुटल्यामुळे. म्हणून मुद्दा हायड्रोजन किती हा नाही, सुटतो का हा आहे. ॲसिटिकमधले तीन कार्बनला घट्ट धरून असतात. चौथा ऑक्सिजनवर. तो विद्युतभार मागे ठेवून निघतो, आणि तो भार दोन ऑक्सिजन वाटून घेतात. ओझं दोघांत वाटलं की झेपतं. साखरेतही ऑक्सिजनवर आठ हायड्रोजन आहेत, पण तिथं ओझं एकट्याच्याच डोक्यावर येणार. म्हणून सुटत नाहीत. ॲसिटिकही तसं चिक्कूच. पातळ द्रावणात शंभरातला एखादाच रेणू हायड्रोजन सोडतो. हायड्रोक्लोरिकचे पाण्यात जवळपास सगळेच.

'पाण्यात' हे महत्त्वाचं. हायड्रोजन देणाऱ्याला घेणारा लागतो, इथं तो पाणी. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळे काम करून हेच मांडलं.

आता पुन्हा टाकीकडे. सुती धागा म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची लांबच लांब माळ. म्हणजे साखरेच्याच भावकीतला. नुसत्या पाण्यात तोही हायड्रोजन सोडत नाही. म्हणून तर रंगाच्या पाण्यात सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची पूड) टाकतात. सोडा घ्यायला बसला की धाग्यातले काही हायड्रोजन सुटतात, आणि मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनला रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा रंग, कायमचा जोडला जातो.

उरलेला सोडा सुतात राहून चालत नाही. म्हणून मगातलं ॲसिटिक धुण्याच्या पाण्यात ओततात. त्या पाण्यात सोड्यामुळे मघाशी निळसर आलेली पट्टी आता पिवळट येते. कारागीर मान हलवतो. सूत आता साबणाच्या गरम पाण्यात जाईल. न जोडला गेलेला रंग तिथं निघेल.