जमिनीखालून जाणारा माल ट्रॅफिकच्या हिशेबात कसा धरायचा?

नमस्कार मंडळी!

नाशिक जिल्ह्यातल्या पंपांवर विकलं जाणारं बरंचसं डिझेल आपल्या ठाणे जिल्ह्यातून जातं. पण माजिवड्याला किंवा खारेगावला दिवसभर टँकर मोजत उभे राहिलात, तरी ते तुम्हाला दिसणार नाही. मुंबईतल्या माहूलच्या रिफायनरीतून मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची पाइपलाइन आहे. डिझेल त्या नळीतून जातं.

आज बोलायचंय ते याच विषयावर. मालवाहतुकीचं मॉडेल करताना पाइपलाइन का धरायची आणि कशी?

आधी मॉडेल म्हणजे काय ते पटकन सांगतो. कुठे किती माल तयार होतो, कुठे किती खपतो, तो कुठून कुठे जातो, कशाने जातो आणि कुठल्या रस्त्याने जातो, याचा गणिती हिशेब. नवा पूल, बायपास, मालगाडीचा मार्ग या हिशेबावर ठरतो. माहिती मिळवायची नेहमीची पद्धत म्हणजे रस्त्याकडेला ट्रक थांबवायचा आणि ड्रायव्हरला विचारायचं, कुठून आलात, कुठे चाललात, काय भरलंय? नळीला हात दाखवून थांबवता येत नाही, म्हणून ती हिशेबातून सहज निसटते.

निसटली तर काय होतं? (पडद्यावर आकडे)

समजा, वर्षाला 10 लाख टन डिझेल नाशिककडे जातं. हा आकडा फक्त उदाहरणापुरता. 20 हजार लिटरच्या टँकरमध्ये साधारण साडेसोळा टन डिझेल मावतं. म्हणजे वर्षाला सुमारे 60 हजार फेऱ्या, दिवसाला 165. येताना टँकर रिकामा येतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून 330. मॉडेलला पाइपलाइन माहीतच नसेल, तर मुंबईत डिझेल तयार होतं आणि नाशिकला खपतं एवढंच बघून ते हे 330 टँकर माजिवडा, पडघा, कसारा घाट या रस्त्यावर घालून मोकळं होतं. कागदावर याच रस्त्यावरच्या साकेत पुलावर नसलेली गर्दी दिसते. आणि जिथून टँकर खरोखर निघतात, त्या पानेवाडीच्या रस्त्यावर मॉडेलला एकही टँकर दिसत नाही! माझ्या मते ही दुसरी चूक जास्त महाग पडते. पाइपलाइन टँकर संपवत नाही, टँकरची सुरुवात दुसऱ्या गावी नेते.

जानेवारी 2024 मधलं ट्रकचालकांचं आंदोलन आठवतंय? हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्धचं. पानेवाडीतून टँकर निघेनात आणि पंपांवर रांगा लागल्या. डिझेल डेपोपर्यंत नळीतून पोहोचू शकत होतं. अडलं होतं ते शेवटच्या टप्प्यावर. म्हणून मॉडेलमध्ये नळी आणि टँकर हे एकाच प्रवासाचे दोन टप्पे म्हणून जोडावे लागतात. मध्ये टर्मिनल, तिथल्या टाक्या, टँकर भरायची गँट्री, म्हणजे वरून नळ्या सोडलेला मांडव. ही जोडणी नसेल तर नुसती नकाशावर रेघ मारून उपयोग नाही.

आता थोडं किचकट, पण मला सगळ्यात आवडणारं. माल कशाने जाईल हे ठरवताना मॉडेल खर्च आणि वेळ बघतं. नळीतलं तेल ताशी पाचेक किलोमीटरने सरकतं, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने. मनमाडला पोहोचायला दोन दिवस. टँकर त्याच दिवशी पोहोचतो. मग वेळेचा तोच नियम लावला तर नळी हरणार, आणि मॉडेल म्हणणार की कोणी नळी वापरतच नाही! पण नळी कायम भरलेली असते. इकडून जेवढं ढकललं, तेवढं त्याच क्षणी तिकडून बाहेर पडतं. डेपोवाल्याला हा थेंब कधी निघाला याच्याशी काही घेणं नाही, त्याला रोजचा पुरवठा हवा. म्हणून इथे वेळ नाही, क्षमता बघायची.

आणखी काही गोष्टी वेगळ्या आहेत. नळी सहसा एकाच दिशेने चालते, रिकामी परत येत नाही. तिच्यात ठरलेलाच माल जातो. पेट्रोल, डिझेल एकामागोमाग सोडतात आणि दोघांच्या सीमेवर थोडी भेसळ होते, ती वेगळी काढावी लागते. म्हणजे कुठल्या वेळी कुठला माल बाहेर पडेल ते बदलत राहतं. त्यामुळे वर्षाच्या मॉडेलमध्ये सरासरी चालते, एका दिवसाच्या मॉडेलमध्ये नाही. आणि नळी टाकायचा खर्च प्रचंड, पण टाकल्यावर पुढचा टन स्वस्तात जातो. म्हणून रोजच्या रोज ट्रक की नळी अशी निवड कोणी करत नाही. निर्णय नळी टाकतानाच होऊन गेलेला असतो.

नवी मुंबईकरांनो, तुमच्याकडे तर नळ्यांचं जाळंच आहे. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं तेल आणि वायू समुद्राखालून उरणला येतो. उरणहून चाकण-शिक्रापूरकडे एलपीजीची पाइपलाइन जाते. तिच्यातून गेलेला गॅस म्हणजे बोरघाटातून न गेलेले बुलेट टँकर, म्हणजे गॅस वाहणारे लांबट गोल टँकर. मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीला आणि पुढे सोलापूरजवळच्या पाकणीलाही एक लाइन आहे.

माहिती कुठून आणायची? पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष, म्हणजे पीपीएसी, पाइपलाइनची लांबी आणि क्षमता प्रसिद्ध करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मालवाहतूक आकडेवारीत ट्रक, रेल्वेच्या बरोबरीने पाइपलाइनचा वेगळा रकाना असतो. आपल्या प्रत्येक शहराच्या वाहतूक आराखड्यातही तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला पाण्याचा प्रश्न, जो तुम्ही विचारणारच: तेही नळीतूनच येतं, मग ते का धरत नाहीत? मुंबईला रोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी मिळतं आणि त्यातलं बहुतेक ठाणे जिल्ह्यातून येतं. वजन केलं तर रोज 38 लाख टनांहून जास्त! जेएनपीए बंदर वर्षभरात जेवढा माल हाताळतं, तेवढं हे पाणी साधारण साडेतीन आठवड्यांत वाहून जातं. ते मालवाहतुकीत धरलं तर बाकी सगळे आकडे त्याच्यात बुडतील, म्हणून धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांना पाणी देणारे टँकर? ते रस्त्यावर आहेत, त्यांना मोजायलाच हवं.