बी भिजलं की जस्त सुटतं

साल १९५८, इराणमधलं शिराझ. रुग्णालयात २१ वर्षांचा तरुण आला, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. अंगात रक्त नाही, यकृत आणि प्लीहा सुजलेली. खाण्यात बिनखमिराची गव्हाची रोटी आणि वर चक्क माती. तपासणारे डॉक्टर आनंद प्रसाद, मूळचे बिहारमधल्या बक्सरचे.

असे रुग्ण त्या भागात आणखीही होते आणि त्यांतले बहुतेक पंचविशीच्या आत जंतुसंसर्गाने दगावत. प्रसादांना संशय आला जस्ताचा. पुढे १९६३ च्या सुमारास इजिप्तमधल्या रुग्णांवर त्यांनी तो खरा करून दाखवला. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी इथे तयार होऊन बाहेर पडतात. जस्त नसेल तर ही ग्रंथी आक्रसते.

पण गव्हात जस्त असतंच की! तिळात, भोपळ्याच्या बियांत तर भरपूर. घोडं अडतं ते फायटेटपाशी. बी कोंबासाठी फॉस्फरस साठवतं तो याच रूपात, आणि आपल्या आतड्यात हे फायटेट जस्ताला घट्ट धरून ठेवतं.

आता ही मटकी बघा. रात्रभर भिजली, सकाळी निथळून फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली, तर दाण्यादाण्याला पांढरं शेपूट. पाणी मिळताच बियातलं फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं, फायटेट फोडू लागतं आणि जस्त बऱ्यापैकी मोकळं होतं. आंबवलेल्या पिठातही असंच काहीसं घडतं. उसळ आणि आंबोळी करणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून चमचाभर बियांनी प्रतिकारशक्ती उसळते असं नाही. (पाकिटावर ‘इम्युनिटी बूस्टर’ छापायला काय जातंय!) चमचाभर तिळात जस्त एक मिलिग्रॅमही भरत नाही; पुरुषाची रोजची गरज १७ मिलिग्रॅमच्या घरात. बाकीचं डाळी, कडधान्यं, दूध, मांस-मासळीतूनच यायचं.

जुलाब झालेल्या मुलांना ओआरएसबरोबर १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्या मोजून. मोठ्या माणसाने मनानेच महिनोन्‌महिने भारी डोस घेतला, तर शरीरातलं तांबं घटतं आणि जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी होतात.