सिग्नस एक्स-2: प्रखर ताऱ्याचा वर्णपट घेताना

[पडद्यावर: हंस तारकासमूह]

सिग्नस एक्स-2 ही हंस तारकासमूहातली जोडी. न्यूट्रॉन तारा (मोठा तारा कोसळून उरलेला अतिघन गोळा) आणि त्याचा साधा जोडीदार 9.84 दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी घेतात. जोडीदाराचा वायू चकतीतून न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळतो, कोट्यवधी अंशांना तापतो आणि क्ष-किरणांत झळाळतो.

28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेवर हे क्ष-किरण टिपायला दोन उपकरणं आहेत. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेली. कमी ऊर्जेसाठी एसएक्सटी ही दुर्बीण, 3 ते 80 केईव्हीसाठी (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) लॅक्सपीसी हा शोधक.

इतका प्रखर स्रोत म्हणजे काम सोपं, असं वाटतं. तसं नाही.

[पडद्यावर: एसएक्सटीची प्रतिमा, मधोमध पांढरा ठिपका]

एसएक्सटीचा कॅमेरा साधारण 2.4 सेकंदांनी एकदा वाचला जातो. तेवढ्यात एकाच जागी 2 आणि 3 केईव्हीचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडले, तर नोंद होते 5 केईव्हीच्या एकाच फोटॉनची. मोजणी घटते, वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले, तो आलेख) मात्र जास्त ऊर्जेकडे झुकतो. म्हणून मधला ठिपका वगळून भोवतीच्या कड्यातले फोटॉन घ्यायचे. आतली त्रिज्या थोडीथोडी वाढवत न्यायची. वर्णपटाचा उतार बदलायचा थांबला, की तीच त्रिज्या पक्की. त्या कड्यासाठी प्रतिसादाची फाइल (उपकरण कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन टिपतं, ते सांगणारी) नव्याने बनवायला विसरलात, तर ताऱ्याची तेजस्विता कमी भरते.

लॅक्सपीसीत अडचण वेगळी. एक फोटॉन टिपल्यावर शोधक सुमारे 43 मायक्रोसेकंद आंधळा असतो. सेकंदाला 2000 नोंदी झाल्या, तर 8.6 टक्के वेळ वाया गेलेला असतो. तो हिशेबात धरावाच लागतो.

[पडद्यावर: रंग-आलेख, झेड आकार उमटतो]

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र उपकरणाची नाही. हा तारा रंग-आलेखावर (वेगवेगळ्या ऊर्जापट्ट्यांतल्या मोजण्यांची गुणोत्तरं मांडणारा आलेख) झेड अक्षर काढत फिरतो, आणि काही तासांत एका फांदीवरून दुसरीवर जातो. पूर्ण निरीक्षणाचा एकच सरासरी वर्णपट काढला, तर चकतीचं जे तापमान मिळतं, ते कुठल्याच क्षणाचं नसतं. आधी आलेख काढा, झेडचे तुकडे पाडा, मग प्रत्येक तुकड्याचा वर्णपट वेगळा बसवा.

[पडद्यावर: मॉडेल आणि निरीक्षणातला फरक]

1.8 आणि 2.2 केईव्हीजवळ हे उंचवटे दिसतात ना? नवखा माणूस तिथे लगेच नवी वर्णरेषा बसवतो. ते ताऱ्याचे नाहीत: कॅमेऱ्यातलं सिलिकॉन आणि आरशावरचं सोनं यांच्या त्या कडा आहेत, म्हणजे जिथे उपकरणाची संवेदनशीलता एकदम बदलते अशा ऊर्जा. ऊर्जामापन किंचित सरकलं की त्या उघड्या पडतात. ऊर्जामापनाच्या सूत्रातला उतार 1 वर ठेवून फक्त सरक (ऊर्जेतली ठरावीक वाढ-घट) मोकळी सोडा. उंचवटे बसतात.